तुटक रेघ

मुलांनो, मुळशीचा पाऊस तुम्ही कधी अनुभवला आहे का? ताम्हिणी घाटाच्या अंगाला तो एकदा लागला, की आठ-आठ दिवस थांबायचं नाव घेत नाही. समोरचा डोंगर दिसेनासा होतो, भातखाचरं तुडुंब भरतात आणि आमच्या दोनशिक्षकी शाळेच्या छपरावर एकसारखा ताशा वाजत राहतो. अशा दिवसांत मैदानावर जाता येत नाही. मुलं कंटाळू नयेत म्हणून मग मी फळ्यावर लिहिते, ‘बाईंना विचारा’. ज्याला जे हवं ते त्याने विचारायचं. मला आलं तर मी सांगायचं, नाही आलं तर सगळ्यांनी मिळून शोधायचं.

अशाच एका जुलैत पहिला प्रश्न आला, “बाई, आपल्या मुळशीत डायनासोर व्हते का?”

टीव्हीवर आदल्या रात्री कुठला तरी सिनेमा लागला होता, हे मी ओळखलं. मी म्हटलं, “असतीलही. पण आपल्याला त्यांचं हाड सापडणं फार कठीण आहे. का सांगू? खिडकीतून बाहेर बघा.”

बाहेर काळाकभिन्न कडा होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हारस वाहू लागला. एक थर वाहिला, थंड झाला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. असे थरावर थर साचले आणि त्यांचाच आपला काळा पाषाण झाला. त्याआधी इथली जमीन कशी होती, तिच्यावर कोण हिंडत होतं, ते सगळं शेकडो मीटर जाडीच्या त्या दगडाखाली गाडलं गेलं. म्हणून आपल्याकडे शिवारात दगड पुष्कळ, पण हाडं नाहीत. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला मात्र तसं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावाच्या परिसरात डायनासोरची हाडं मिळाली आहेत. एवढंच नाही, तर त्या काळच्या प्राण्यांच्या शेणाचे दगड झालेले गोळेसुद्धा मिळाले आहेत!

शेणाचं ऐकून वर्ग खदखदून हसला. पण विचारणारा काही सोडायला तयार नव्हता. “म्हंजे आपल्याला डायनासोरची कवटी बघायलाच नाय मिळणार?”

“मिळेल की!” मी म्हटलं. “रविवारी घरी कोंबडा कापतील ना, त्याचं डोकं बघा.”

आता मात्र सगळे गप्प झाले. बाई चेष्टा करतात की काय? पण ती चेष्टा नव्हती. दोन पायांवर धावणाऱ्या मांसाहारी डायनासोरांच्या एका शाखेतूनच पक्षी निर्माण झाले, असं आज शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे आपली कोंबडी ही डायनासोरांच्या कुळातलीच. आखाडाचे दिवस होते. श्रावण लागायच्या आत घरोघरी रस्सा शिजत होता. तेव्हा ठरलं की ज्याला जमेल त्याने कवटी स्वच्छ करून आणायची, आणि सगळ्यांनी तिचं चित्र काढायचं.

सोमवारी तीन कवट्या आल्या. दोन रश्शातून निघालेल्या, धुऊन-पुसून आणलेल्या. तिसरी आणली होती चौथीतल्या एका मुलाने. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण त्याने “नाव नका छापू” असं बजावलं आहे. हा मुलगा फारसा बोलत नसे. वाचनात मागे होता. जोडाक्षर आलं की अडखळायचा आणि मग पुस्तकात मान खुपसून बसायचा. त्याची कवटी गोठ्याच्या माळ्यावर सापडलेली होती. मुंग्यांनी ती केव्हाच साफ केली होती. अगदी कोरडी, हलकी, सुपारीच्या खांडासारख्या रंगाची.

दोन दिवस तो त्या कवटीवरून हलला नाही. पट्टीने मापं घ्यायचा, डोळा बारीक करून बघायचा, मग एक रेघ ओढायचा. इतर मुलांची चित्रं अर्ध्या तासात झाली होती. त्यांच्या कोंबड्यांना तुरे होते, डोळे होते, एकाने तर दात काढले होते! याचं चित्र मात्र निराळं होतं. चोचीचं टोक तुटलेलं. खालचा जबडाच नाही. डोळ्याच्या खोबणीच्या कडेला पाच-सहा चपट्या टिकल्या, माशाच्या खवल्यांसारख्या.

आता माझी चूक सांगते. त्या आठवड्यात केंद्रप्रमुख शाळेला भेट देणार होते. भिंतीवर चित्रं लावायची होती. मी त्याचं चित्र हातात घेतलं आणि म्हणाले, “अरे, इतकं छान काढलंस, मग अर्धवट का सोडलंस?” आणि त्याच्याच पेन्सिलीने मी चोचीचं टोक पूर्ण केलं, खाली झोकदार जबडा काढून दिला. खोबणीतल्या टिकल्या मला कचरा वाटल्या. खोडरबराने त्या पुसून टाकल्या. चित्र कसं सुरेख, स्वच्छ दिसू लागलं.

तो चित्राकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, “पण बाई, ते तिथं नव्हतंच.”

“असू दे रे. कोंबड्याला जबडा असतो, हे सगळ्यांना माहीत आहे,” असं म्हणून मी चित्र भिंतीवर लावलं. केंद्रप्रमुखांनी कौतुकही केलं. तो मात्र हसला नाही. पुढचे तीन महिने चित्रकलेच्या तासाला त्याने फक्त डोंगर, सूर्य आणि झोपडी काढली. तुम्हाला ठाऊकच आहे, काही काढायचं नसलं की जे चित्र काढतात ते!

दिवाळीच्या सुट्टीत मी भोरला माहेरी गेले होते. माझा मामेभाऊ पुण्यात भूशास्त्र शिकतो. तोही आला होता. फराळ झाल्यावर मी त्याला आमच्या कोंबड्याच्या कवटीची हकिकत सांगितली. त्याने काही न बोलता एक कागद पुढे केला. “ताई, मगरीचं डोकं काढ बघू.”

मी काढलं. लांब तोंड, दात, वर डोळा आणि तोंडाच्या टोकाला नाकपुड्या.

मग त्याने पिशवीतून झेरॉक्स कागदांचा गठ्ठा काढला. पहिल्याच पानावर एक कवटी होती. हुबेहूब मगर! पण नाकपुड्या टोकाला नव्हत्या. त्या पार मागे, डोळ्यांच्या जवळ होत्या.

“ही मगर नाही,” तो म्हणाला. “हा पॅरासुकस. मगरीसारखा दिसतो, म्हणून नावाचा अर्थही ‘मगरीच्या जवळचा’. वीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात सापडला. चित्रकाराने समोरचं हाड न बघता मनातली मगर काढली असती, तर नाकपुड्या तू काढल्यास तिथेच काढल्या असत्या.”

या पॅरासुकसची गोष्ट मोठी मजेदार आहे. त्याचं पूर्ण नाव पॅरासुकस हिस्लोपी. स्टीफन हिस्लॉप हे नागपूरला राहणारे मिशनरी होते. विदर्भातल्या खडकांचा आणि जीवाश्मांचा त्यांनी पुष्कळ अभ्यास केला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्यांच्या आठवणीसाठी रिचर्ड लिडेकर या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये या प्राण्याच्या नावात त्यांचं नाव गुंफलं. पण लिडेकर यांच्याजवळ होते नुसते तुकडे. तोंडाच्या पुढचा भाग, काही दात, पाठीवरच्या चिलखतासारखी हाडं आणि कवटीच्या तळाचा एक तुकडा. हे सगळं एकाच प्राण्याचं आहे असं धरलं गेलं. पुढे शंकर चटर्जी यांना या प्राण्याचे जवळजवळ संपूर्ण सांगाडे मिळाले, आणि १९७८ मध्ये त्यांनी त्याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. तेव्हाच्या अभ्यासात उमगलं, की तो कवटीच्या तळाचा तुकडा पॅरासुकसचा नव्हताच! तो होता त्याच खोऱ्यातल्या दुसऱ्याच एका चोचवाल्या, झाडपाला खाणाऱ्या सरीसृपाचा. म्हणजे नव्वद वर्षांहून जास्त काळ एका प्राण्याच्या तोंडाशी दुसऱ्याच्या कवटीचा तुकडा नांदत होता.

“मग ही चूक सापडली कशी?” मी विचारलं.

“कारण कुठला तुकडा कसा होता, हे प्रत्येकाने वेगळं दाखवून ठेवलं होतं. सगळं एकत्र सांधून, रंगवून, गुळगुळीत कवटी काढली असती, तर शोधणाऱ्याला जोड कुठे आहे हेच कळलं नसतं.”

आता माझ्या पोटात गोळा आला. गुळगुळीत कवटी तर मीच काढली होती.

त्याने पुढची पानं उलटली. ही चित्रं साधी नव्हती. प्रत्येक कवटी चार-चार बाजूंनी काढलेली होती. बाजूने, वरून, खालून आणि मागून. खाली एक छोटी आडवी पट्टी, तिच्यावर सेंटिमीटर लिहिलेले. त्यामुळे कवटी केवढी मोठी, ते नेमकं कळतं. उजेड नेहमी डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यातून येतो, असा रिवाज आहे. म्हणून चित्र जगात कुठेही काढलेलं असो, सावली बघून खळगा कुठला आणि उंचवटा कुठला ते ओळखता येतं. आणि छाया कशी दाखवतात माहीत आहे? काळ्या शाईच्या बारीक ठिपक्यांनी! जिथे गडद हवं तिथे ठिपके दाट, जिथे फिकं हवं तिथे विरळ. एकेका कवटीला हजारो ठिपके.

मी विचारलं, “एवढा खटाटोप कशाला? फोटो काढावा की!”

“फोटोही काढतात. आता तर दवाखान्यात डोक्याचा सीटी स्कॅन करतात, तसा दगडातल्या कवटीचाही करतात. पण फोटोला सगळं सारखंच दिसतं. हे बघ.” त्याने एका फोटोवर बोट ठेवलं. कवटीवर रेघाच रेघा होत्या. “यातली कुठली रेघ म्हणजे दोन हाडांचा सांधा, आणि कुठली म्हणजे दगडाखाली दबून पडलेला तडा? फोटो ते सांगत नाही. चित्रकाराने शास्त्रज्ञाच्या शेजारी बसून, भिंग लावून, एकेक रेघ तपासायची आणि मगच काढायची. सांधा नागमोडी आणि ठळक, तडा बारीक. चित्र काढणं म्हणजेच तपासणं.”

असं तपासत काढण्यासाठी पूर्वीपासून साधनंही आहेत. विल्यम वॉलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०६ मध्ये लोलकाच्या एका उपकरणाचं पेटंट घेतलं. त्यातून बघितलं की समोरची वस्तू आणि खालचा कागद दोन्ही एकाच वेळी दिसतात. वस्तू जणू कागदावरच उतरते आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवता येते. सूक्ष्मदर्शकाला जोडून अशी उपकरणं पुढेही वापरली गेली.

मग एका पानावर माझी नजर थांबली. कवटीचा पुढचा भाग ठसठशीत रेघेने काढला होता. मागचा भाग मात्र तुटक रेघेने. मुंग्यांची रांग मध्ये-मध्ये तुटावी तशी.

“हे काय?”

“हे त्याला मिळालेलं नाही,” मामेभाऊ म्हणाला. “तुटक रेघ म्हणजे ‘इथे असं असावं असा माझा अंदाज आहे, पण मी ते पाहिलेलं नाही.’ आणि जिथे अंदाजही करता येत नाही, तिथे कोरं सोडतात.”

मुलांनो, मी बारा वर्षं शिकवते आहे. ‘रिकाम्या जागा भरा’ हा प्रश्न मी किती वेळा घातला असेल, देव जाणे. पण रिकामी जागा रिकामी ठेवणं हेसुद्धा बरोबर उत्तर असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मामेभावाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. १९६० च्या सुमारास याच प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या सीमेजवळ, एका प्रचंड डायनासोरची हाडं खणून काढली गेली. निदान सहा प्राण्यांची मिळून सुमारे तीनशे हाडं! मांडीचं हाडच माणसाएवढं. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी १९७५ मध्ये त्याचं नाव ठेवलं बारापासॉरस टागोराय. बंगालीत ‘बडो पा’ म्हणजे मोठा पाय. आणि टागोर का? तर १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं म्हणून. पण इतक्या हाडांत कवटी मात्र मिळाली नाही. मिळाले ते मोजके सुटे दात. ज्याचा पाय सगळ्यांना ठाऊक, त्याचा चेहरा कुणीच पाहिलेला नाही!

चेहरा नसला की तो लावून टाकायचा मोह होतोच. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात अपॅटोसॉरस नावाच्या महाकाय डायनासोरचा सांगाडा आहे. कितीतरी वर्षं तो बिनडोक्याचाच उभा होता. १९३०च्या दशकात त्याला एक डोकं बसवलं गेलं. आखूड, बोथट डोकं. लोक चाळीसहून अधिक वर्षं ते बघत आले. पण ते डोकं होतं कॅमॅरासॉरस नावाच्या दुसऱ्याच डायनासोरच्या घाटाचं! अखेर १९७९ मध्ये ते उतरवून लांबट, बसकं असं खरं डोकं बसवलं गेलं. मोठमोठ्या लोकांच्याही हातून माझ्यासारखीच चूक झाली होती, हे ऐकून मला जरा बरं वाटलं.

पण ते बरं वाटणं फार वेळ टिकलं नाही. गठ्ठ्याच्या शेवटी एका समुद्री सरीसृपाची कवटी होती, इक्थिओसॉरची. याच गटातल्या एका प्राण्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा आपल्या कच्छमध्ये मिळाला आणि २०१७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. चित्रातल्या कवटीच्या डोळ्याच्या खोबणीत चपट्या टिकल्यांचं एक गोल कडं होतं. एकीवर एक बसलेल्या, माशाच्या खवल्यांसारख्या.

“हे... हे काय आहे?” मी अडखळत विचारलं. जोडाक्षरावर अडखळणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यासारखीच.

“डोळ्यातलं हाडांचं कडं. बुबुळाभोवती असतं, डोळ्याला आधार देतं. कित्येक प्राचीन सरीसृपांना होतं, डायनासोरांनाही. आजच्या मगरीला नाही, आपल्याला नाही. पण पक्ष्यांना असतं. कोंबडीला साधारण चौदा टिकल्यांचं. फार नाजूक असतं, बहुतेक वेळा गळून जातं. नशीबवान असला तरच बघायला मिळतं.”

माझा विद्यार्थी नशीबवान होता. कोट्यवधी वर्षांमागचं एक नातं त्याने नुसत्या डोळ्यांनी टिपलं होतं, आणि त्याच्या बाईंनी ते कचरा समजून खोडून टाकलं होतं.

शाळा उघडली त्या दिवशी हजेरी झाल्यावर मी ते चित्र भिंतीवरून काढलं. सगळ्या वर्गासमोर त्याला जवळ बोलावलं आणि म्हणाले, “माझं चुकलं. तू पाहिलंस ते काढलंस. मी न पाहिलेलं काढलं, आणि तू पाहिलेलं पुसलं.” मग मामेभावाकडून आणलेलं इक्थिओसॉरचं चित्र मी त्याच्या हातात दिलं.

तो बराच वेळ त्या कड्याकडे बघत होता. मग जागेवर गेला आणि दप्तरातून जुनी कंपासपेटी घेऊन आला. आत कापसावर ती कवटी होती! तीन महिने त्याने ती जपली होती. विज्ञानाच्या पेटीतलं भिंग काढून आम्ही आळीपाळीने बघितलं. खोबणीत आता दोनच टिकल्या चिकटून राहिल्या होत्या, बाकीच्या कापसात पडल्या होत्या. नखाच्या कपचीहून लहान. एकूण सहा भरल्या.

मी म्हटलं, “आपण नवा कागद घेऊ.”

“नको बाई,” तो म्हणाला. त्याने जुनं चित्र खिडकीशी नेऊन तिरकं धरलं. त्याने पेन्सिल दाबून काढली होती, त्यामुळे पुसलेल्या टिकल्यांच्या खाचा कागदावर तशाच उमटलेल्या होत्या. त्या खाचांवरून त्याने पुन्हा पेन्सिल फिरवली. माझा जबडा त्याने स्वतः खोडला. मी विचारलं, “तिथे तुटक रेघ काढायची का?” त्याने थोडा विचार केला. “चोचीला काढतो. पुढं थोडीशीच गेलीय, कळतंय कशी असंल ते. जबडा मला नाय म्हाईत.”

वाचनात तो एकदम पहिला आला, असं मी तुम्हाला सांगणार नाही. जोडाक्षरं अजून अडवतात. पण ‘इक्थिओसॉर’ हा शब्द आमच्या वर्गात न अडखळता वाचणारा तो पहिला.

तुम्हालाही हे करून बघायचं आहे? मग घरच्या मोठ्यांना विचारून कोंबडीची किंवा बोकडाची कवटी उकळून, स्वच्छ करून घ्या. हाताळल्यावर साबणाने हात धुवा. कवटीसाठी कुठल्याही जिवाला मारायचं नाही, आणि जंगली प्राण्यांचे अवशेष घरी आणायचे नाहीत, तो कायद्याने गुन्हा आहे. कवटी डाव्या बाजूच्या उजेडात ठेवा. कंपासपेटीतल्या कर्कटकाने मापं घ्या. बाजूने, वरून, खालून, मागून अशी चार चित्रं काढा आणि खाली मापाची पट्टी काढायला विसरू नका. छाया ठिपक्यांनी द्या. बोकडाच्या कवटीवर नागमोडी सांधे छान दिसतात. म्हाताऱ्या कोंबड्याचे सांधे मात्र इतके जुळून गेलेले असतात, की दिसतच नाहीत. दिसत नसतील, तर काढू नका.

आमच्या त्या चित्रात जबड्याच्या जागी आता कागद खोडून-खोडून पातळ झालेला आहे. ते अजून भिंतीवरच आहे. पुढच्या भेटीला केंद्रप्रमुख आले, तेव्हा त्यांची नजर नेमकी त्यावर गेली. “बाई, मागच्या वेळी हे पूर्ण होतं ना? आता जबडा कुठे गेला?”

मी काही बोलायच्या आत शेवटच्या रांगेतून उत्तर आलं. उभं राहून, खणखणीत आवाजात.

“साहेब, तो तिथं नव्हताच.”